वैऱ्याघरचं मागणं

अमळनेरला मी वाचनालय सांभाळायचो, तिथं जवळच्या खेड्यातली एक मुलगी दर शनिवारी यायची. शत्रूच्या सेनापतीवर जीव जडलेल्या राजकन्येची पाच भागांची कादंबरी तिनं वाचायला धरली होती. वाचता वाचता ओठ चावायची, मध्येच पुटपुटायची, "नको गं विश्वास ठेवू!"

त्याच वर्षी, तिच्या वडिलांचं सरपंचपद कारस्थान करून घालवणाऱ्या घरातूनच तिला मागणी आली. ती शेवटचा भाग परत करायला आली तेव्हा मी विचारलं, "झालं का त्यांचं लग्न?"

"पुस्तकातलं झालं. त्यानं आधी तिच्या बापाची माफी मागितली. आमच्याकडे बठ्ठे, घरचे सगळेच, म्हणतात, विसरून जा. मी सकाळीच नाही म्हणून सांगितलं, भाऊ."

वाचनालय बंद करायची वेळ झाली, तरी तिचा पाय घराकडे निघेना.