नानांनी टाळलेली शर्यत

नानांना कुणालाही ‘नाही’ म्हणता येत नसे. लोक याला चांगुलपणा म्हणत. मी याला भित्रेपणा म्हणतो आणि आजही तो आठवला की माझं डोकं फिरतं.

सिंगापूरमधल्या आम्हा मराठी मंडळींची गो-कार्ट या बुटक्या, उघड्या गाड्यांच्या शर्यतींची एक हौशी लीग होती. संघ चारच, त्यातला एक माझा. रॅफल्स प्लेसमधल्या एका बँकेत नोकरी करणारे नाना तिचं वेळापत्रक लावत. साखरपुड्याची तारीख ठरवावी तसे ते घरोघर फोन करत. कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाचे सासू-सासरे आलेले, कुणाकडे सत्यनारायण. “सगळ्यांचं जमलं पाहिजे,” हे त्यांचं पालुपद. खांद्यावर टूलबॅग टाकून एसी दुरुस्त करत मी स्वतःची कंपनी उभी केली. माझं जमतंय का, हे मला नानांच्या आधी कुणी विचारलं नव्हतं.

चांगले चालक मोजके, म्हणून एका चालकाला दोन संघांकडून उतरायची मुभा होती. आज निळा शर्ट, पुढच्या रविवारी पिवळा. कार पार्कमध्ये गाडीच्या दाराआड शर्ट बदलणारी ती पोरं पाहून मला शिसारी यायची. नाना मात्र कौतुकाने म्हणत, “दोन घरचे पाहुणे आहेत हो. दोन्हीकडे जेवतात.”

सगळ्यांत वेगवान चिन्मय. तो इथेच लहानाचा मोठा झालेला. तो माझ्या संघाकडून उतरायचा आणि सेंगकांग वस्तीतल्या संघाकडूनही. त्याला मी हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत बसून घासाघीस करून मिळवला होता. सरावाला जास्त वेळ, गाडी आधी निवडायचा मान, असं एकेक पुढे सरकवत. शेजारी नाना कॉफी ढवळत बसले होते. पोरगा उठून गेल्यावर म्हणाले, “सुनीलराव, बोलणी करावीत तर तुम्हीच.” मी फुशारलो.

हंगामाच्या शेवटी आमची आणि सेंगकांगची शर्यत तेवढी उरली. जो जिंकेल त्याची ढाल. पण शर्यत काही लागेना. एकदा ट्रॅकची डागडुजी निघाली, मग गणपती आले, मग नुसतंच “बघू या.” शेवटी लिटिल इंडियातल्या मिठाईच्या दुकानात मी नानांना गाठलं.

“नाना, आमची शर्यत का लावत नाही?”

“तुम्ही समोरासमोर आलात की चिन्मयला एक संघ निवडावा लागेल.”

“निवडू दे की. माझं त्याच्याशी पक्कं बोलणं झालंय.”

“ढाल दोघांत ठेवू या का? सहा-सहा महिने?”

“ढाल आहे ती. म्हातारे आई-वडील नाहीत वाटून घ्यायला.”

दुकानदार जिलबी तोलायचा थांबला. नाना खाली बघत म्हणाले, “बरं. येत्या रविवारी लावतो.”

रविवारी चिन्मय सेंगकांगच्या पिवळ्या शर्टात आला.

“काय रे, चुकून घातलास?”

“नो अंकल. टुडे सेंगकांग लाह,” तो इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाला.

आम्ही हरलो. तिथेच, सगळ्यांच्या देखत, मी नानांना नाही नाही ते बोललो आणि संघ लीगमधून काढून घेतला. उरलेल्या तीन संघांत कुणाला गंमत वाटेना. लीग बंद पडली.

निवृत्त होऊन पुण्याला परतायच्या आधी नाना माझ्या ऑफिसात निरोप घ्यायला आले. मी बसा म्हटलं नाही.

“तो मला सोडणार, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं. त्या अंकलचं ओरडणं नको, असं तो पहिल्यापासून म्हणायचा. दर खेपेला मी विनवण्या करून त्याला तुमच्याकडे पाठवायचो.”

“मग मी केलेली बोलणी?”

नाना दाराकडे वळले.

धंद्यात मला पुष्कळांनी फसवलं, मी त्यांना पुरून उरलो. पण मी शहाणा आहे असं मला वाटत राहावं म्हणून हा माणूस माझ्या पाठीमागे एका पोरापुढे हात जोडत होता, हे मला पचत नाही. असली दया मला कुणाकडून नको होती.

दर दिवाळीला पुण्याहून नानांचा फोन येतो. फराळाची विचारपूस संपली की मी याच विषयावर भांडायला लागतो. ते सगळं ऐकून घेतात आणि तब्येतीला जपा म्हणतात. फोन ठेवल्यावर बराच वेळ माझं कशात लक्ष लागत नाही.