काडतुसावरची शीग

चार माणसं, तोलायचा एक बारीक काटा आणि रविवारची सकाळ एवढं जमलं, की किस्से आपोआप साठतात. आमच्या मंडळींचे इतके साठलेत, की सांगायला बसलो तर मलाच हसू येतं. मग ते हसू मध्येच थांबतं. कारण यातला प्रत्येक किस्सा घडताना मी एकच गोष्ट कानीकपाळी ओरडत होतो, आणि ऐकत कोणी नव्हतं!

सत्तर सालानंतरचे दिवस. परदेशी काडतुसं मिळायची बंद झाली होती. सांगलीत ज्यांच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्वर, ते झाडलेली काडतुसं जपून ठेवायचे. त्यात ठिणगी पाडणारी नवी टोपी, मोजून बंदुकीची दारू आणि वर गोळी बसवली की काडतूस पुन्हा तयार. दारू जास्त झाली तर मात्र रिव्हॉल्वर हातातच फुटतं.

माझं औषधाचं दुकान, म्हणजे बारीक काटा माझ्याकडे. दारू तोलायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. भरणारे दोघे. एक हळदीचे व्यापारी तात्या. दुसरे साताऱ्याकडचे सुभेदार आबा. पेन्शनीत आल्यापासून आबांना नेमबाजीशिवाय दुसरा आनंद उरला नव्हता. त्यांचा उजवा हात शाबूत राहावा, एवढंच माझं मागणं होतं.

* * *

दर वेळी तोलायला फार वेळ जातो, म्हणून मी एका रिकाम्या काडतुसाचं नळकांडं कापून छोटं माप केलं. काठापर्यंत सपाट भरलं की दारू बरोबर. लहान पोरालाही जमेल!

पहिलं माप तात्यांनी घेतलं. दारूत बुडवलं, वर छान टोक येईपर्यंत भरलं आणि काडतुसात ओतायला निघाले.

"तात्या! वरचा ढीग काढा!"

"आवं भाऊ, शीग हाय ती! सपाट माप आमी आजवर कुणाला दिलं न्हाई. गिऱ्हाईक पुन्यांदा दारात येईल का?"

"इथे गिऱ्हाईक कोण आहे, तात्या?"

तात्यांनी आबांच्या रिव्हॉल्वरकडे बोट दाखवलं. "ह्ये काय, बसलंय की!"

मी माप काढून घेतलं आणि पुन्हा काट्यावर आलो.

* * *

दारूच्या डब्याबरोबर कंपनीचं छापील पत्रक यायचं. किती दारू घालायची, त्याचा एक सुरुवातीचा आकडा आणि एक शेवटचा. मी आपला सुरुवातीच्या आकड्याला चिकटून असायचो.

आबांना ते अपमानास्पद वाटायचं. "भाऊ, हद्द आखलीया म्हंजी तितवर जायाची परवानगीच की! आमी काय बॉर्डर सोडून चार कोस मागं तळ टाकत हुतो व्हय?"

"आबा, हद्दीच्या पुढे काय आहे ते माहीत आहे ना?"

"पुढं दुश्मन आसतोय," आबा म्हणाले. "आन् आमी लय बघितल्यात!"

* * *

एकदा दुसऱ्या कंपनीची दारू मिळाली. तिच्या पत्रकात आकडा वेगळा. मी समजावलं की ही दारू वेगळी, हिचा जोर वेगळा, हिचा आकडा तिला चालत नाही.

तात्यांनी दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी ठेवली. चष्मा वर केला. अडत बाजारात घेणारा एक भाव बोलतो, विकणारा दुसरा, तसा त्यांचा चेहरा झाला.

"ऱ्हाऊ द्या भाऊ. तुमचं बी नगं, त्येंचं बी नगं. मधला धरू. सौदा पटला!"

त्या दिवशी मी डोकं धरून खाली बसलो. खरंच रडू येत होतं हो!

* * *

तात्यांचे साडू पोपटराव मूळचे विट्याचे. कुठल्याशा लांबच्या शहरात त्यांचं सोनं गाळायचं दुकान. सुट्टीत आले की आमच्यात येऊन बसायचे. माणूस सज्जन, हात स्वच्छ.

मी चहा सांगायला बाहेर गेलो आणि परत येतो तर टेबल आरशासारखं लख्ख! सांडलेली दारू, जुनी, नवी, ठासणीच्या बंदुकीची काळी, सगळी पोपटरावांनी कुंचल्याने गोळा करून नव्या दारूच्या डब्यात ओतली होती.

"आमच्या धंद्यात झाडलोट टाकत न्हाईत," ते कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. "केरातच खरा माल आसतो!"

अख्खा डबा मी नेऊन कृष्णेत ओतला. मंडळी महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाहीत.

* * *

मग मला एका लग्नासाठी वाईला जावं लागलं. निघताना काटा कपाटात घातला, कुलूप लावलं, आणि दोघांनाही बजावलं, "मी येईपर्यंत काही भरायचं नाही. मी हात जोडतो!"

दोघांनी मान डोलावली.

काटा कपाटात होता. ते कापलेलं माप मात्र टेबलाच्या खणात राहिलं होतं. शेवटच्या आकड्यापर्यंत जायचं हे आबांनी ठरवलं, त्याप्रमाणे माप आतून घासून मोठं केलं, आणि भरायला तात्या बसले. दोस्तासाठी भरायचं, मग हात आखडता कसा घेणार?

पहिल्याच बाराला रिव्हॉल्वर फुटलं.

मी वाईहून परस्पर मिरजेच्या दवाखान्यात गेलो. आबांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. घोडा ओढायचं बोट त्यातलंच. पायाशी तात्या बसले होते, ते माझ्याकडे बघेनात. मला आबांना फाडफाड बोलायचं होतं, पण ते पांढरं बँडेज बघून मी खाटेशेजारी स्टूल ओढून बसलो.

तेवढ्यात सिस्टर आल्या. दुखणं थांबायचं औषध त्यांनी चमच्यात ओतलं, डोळ्यांसमोर धरलं, आणि एक थेंब जास्त झाला तो बाटलीत परत सोडला.

आबा ते सगळं टक लावून बघत होते. डावा हात पुढे करून ते म्हणाले,

"आवं सिस्टर, असं सपाट काय देताय? जरा शीग येऊ द्या की!"

आणि पायाशी बसलेल्या तात्यांनी, त्या दिवसात पहिल्यांदाच, मान हलवली. "व्हय की वो. द्या जरा."