न्यूट्रलचे उस्ताद

लातुरात क्लासची बाकं रविवारीही रिकामी राहत नाहीत. त्या रविवारी पोरं सुटली आणि आमच्या ट्रान्सपोर्टच्या मालकानं आम्हा वीस-पंचवीस ट्रकड्रायव्हरांना तिथं कोंबलं. विषय सुरक्षा. सोलापूरहून रात्रभर गाडी हाणून आलो होतो, डोळे चुरचुरत होते, आणि शिकवायला उभं होतं कालचं पोर.

शेजारी नजीरभाई होते. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची आणि डिझेल वाचवायचं, ही कला निम्म्या लातूरला त्यांनीच शिकवली. मलाही. त्यांचा पहिला चेला चाकूरचा वीरभद्र. भूकंपाच्या साली तो डाळ घेऊन मुंबईला निघाला होता, येताना किल्लारीसाठी छपराचे पत्रे आणणार होता. खंडाळ्याच्या घाटात गेला. "ब्रेक फेल झाले, नशीब," असं नजीरभाई वीस वर्षं सांगत आले. वीरभद्रचा पोरगा मल्लिनाथ, त्यालाही त्यांनीच हाताशी धरून ड्रायव्हर केला.

मास्तर सांगत होता, "न्यूट्रल केलं की इंजिन गाडीला धरत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापले की लागत नाहीत. आपण म्हणतो, ब्रेक फेल झाले."

मागं कुणीतरी हसलं. नजीरभाई मला म्हणाले, "परत इचार त्याला." मी विचारलं. उत्तर तेच आलं.

ते उठून जिन्यात जाऊन बसले, मीही मागोमाग गेलो. मल्लिनाथ त्या दिवशी डाळ घेऊन वाशीला निघाला होता. त्यांनी स्पीकरवर फोन लावला. तो लोणावळ्याच्या ढाब्यावर जेवत होता.

"घाट गिअरमधी उतर."

"चाचा, म्हातारे झालात तुम्ही," मल्लिनाथ हसला. "न्यूट्रलला बापाचाच हात हाय माझा, तुम्हीच तर म्हणता."

मला वाटलं, नजीरभाई ठेवतील आता फोन. मी तरी ठेवला असता.

"तुझ्या बापाचे ब्रेक फेल झाले न्हाईत, बेटा," ते म्हणाले. "न्यूट्रलनं मेला तो. म्याच शिकवलं व्हतं ते."

पलीकडून "व्हय" एवढंच आलं, आणि फोन कटला.

क्लास संपला तरी आम्ही जिन्यातच बसून राहिलो. दिवे लागायच्या वेळेला मल्लिनाथचा फोन आला. गिअरमध्ये उतरलो, वाशीला पोचलो म्हणाला.

फोन माझ्या मोबाइलवर आला होता. नजीरभाईंचा त्यांच्या हातातच होता, वाजलाच नव्हता.