कॉम्प्युटर कुणी बिघडवला

आधी कीबोर्डवर शिंपडलं. मग माझ्या हातावर.

औषधाची जुनी बाटली होती, आत गोमूत्र. कॉम्प्युटरच्या सरांनी ते पळीत ओतून घेतलं आणि पूजेतल्या आंब्याच्या पानानं उडवलं. अख्खा वर्ग बघत उभा. मी आठवीत. उजवा हात पुढं धरून उभी होते, कारण सर म्हणाले होते, "ज्या हातानं शिवलीस तो पुढं कर."

खंडेनवमी होती. सोलापुरात त्या दिवशी मागाची पूजा होते, रिक्षाची होते, शिंप्याच्या कात्रीची होते. आमच्या शाळेत कॉम्प्युटरची. मॉनिटरला झेंडूचा हार, खालच्या डब्याला हळदीकुंकवाची बोटं, पुढं नारळ. एक मशीन सरांनी चालू ठेवलं होतं, पाहुण्यांना दाखवायला. प्रत्येकानं चपला बाहेर काढायच्या, आत यायचं, फूल वाहायचं, निघायचं. मी फूल वाहिलं आणि एक बटण दाबलं. एवढाच गुन्हा. कॉम्प्युटरच्या तासाला एका मशीनवर चौघी बसायचो आणि बटणं कायम दुसऱ्या पोरींच्या ताब्यात. मी दाबलं तरी अक्षर उमटतं का, ते मला बघायचं होतं. उमटलं.

"अगं ए! पूजेतली वस्तू आहे ती!" सर ओरडले. मग आवाज खाली आणून, हसत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्यात पूजा नसते ना? मग आमची कशाला बाटवतेस?"

आम्ही बौद्ध. शाळेत हे सगळ्यांना माहीत होतं, कुणाला सांगावं लागायचं नाही. पोरं हसली. माझ्या बाकावर माझ्या शेजारी बसणारी, माझ्या डब्यातली चटणी मागून खाणारी पोरगी, तीही हसली. हातावरनं थेंब कोपरापर्यंत आले. पुसायची परवानगी नव्हती, वाळू द्यायचे होते.

दसऱ्याची सुट्टी संपली. ते मशीन सुरू होईना. बटणं चिकटलेली, पिवळी पडलेली. जुना डबा तो, कीबोर्ड मेला की पुढंच जात नसे. काळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ यायची की कीबोर्ड सापडत नाही, पुढं जाण्यासाठी बटण दाबा. आता मेलेल्या कीबोर्डचं कुठलं बटण दाबणार? मला हसू फुटलं. सरांनी कानाखाली ठेवून दिली.

"हिनंच हात लावला होता," सर हेडमास्तरांना म्हणाले. बाटलीचं नाव कुणी काढलं नाही. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी नाही.

आईला बोलावणं गेलं. आई तेव्हा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात दोरे कापायची. काम सोडून आली, केसात सुताचे तंतू तसेच. तिला लॅबच्या दारात थांबवलं. वर्ग आत, सर आत, मी आत, आई दारात.

सर म्हणाले, "बाई, म्हणा, माझ्या मुलीनं कॉम्प्युटर बिघडवला. सगळ्यांसमोर म्हणा, विषय मिटला. नाहीतर दाखला घेऊन जा."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. आईनं हात जोडले.

"माज्या पोरीनं कांपुटर बिगडवला, सर. चुकलं तिचं. पदरात घ्या."

त्या दिवशी घरी मी आईशी कडाकडा भांडले. "तू खोटं का बोललीस? तू का हात जोडलेस?" ती म्हणाली, "दाखला हातात दिला असता तर कुटं घातलं असतं तुला? दोरे कापायला?" आणि भाकरी थापायला बसली. त्यानंतर आम्ही दोघींनी तो विषय काढला नाही. पण ती शाळेच्या रस्त्यानं जायचं टाळायची, बाजाराला जाताना लांबचा वळसा घालायची. मला कळत होतं.

विषय मिटला म्हणाले, पण मिटला कुठला? दहावी होईपर्यंत कॉम्प्युटरच्या तासाला मी बाहेर. "चपला चोरीला जातात, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं," असं सरांनी ठरवलं. आतून बटणांची टकटक यायची आणि मी व्हरांड्यात चपलांच्या राशीपाशी बसलेली. सरांची कोल्हापुरी होती, एका पायाचा अंगठा तुटून शिवलेला. एकदा मी तिच्यात थुंकले. चांगलं खाकरून थुंकले. मला त्याची आजही लाज वाटत नाही.

लोक विचारतात, मॅडम, इंटरनेटच्या कायद्याकडं कशा वळलात? कार्यक्रमात मी "आवड" असं सांगते. कसली आवड! रागानं शिकले मी. ज्या यंत्राला माझं बोट चाललं नाही, त्या यंत्राचा कायदा मला शिकायचा होता. असा शिकायचा होता, की ज्यांनी मला बाहेर बसवलं त्यांना उद्या माझ्या दारात यावं लागेल.

बारावीनंतर घराजवळच्या सायबर कॅफेत झाडलोट करायचे, बदल्यात मालक मशीनवर बसू द्यायचा. तो तेलुगू, विणकराच्या घरातला. मी बटणाशी बोट नेऊन थांबायचे तर म्हणायचा, "दाब की! फुटत न्हाय ते." तोवर असं मला कुणी म्हणालं नव्हतं. मग लॉ सोलापुरातच केलं, पुढचं पुण्यात. पीएचडीचा विषय मांडला तेव्हा समोरच्या एका विद्वानांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हा विषय झेपेल का तुम्हाला? तुमच्या समाजाचा एखादा प्रश्न घ्या की." मी म्हणाले, "हा माझ्या समाजाचाच प्रश्न आहे, सर." आज मी सोलापुरातल्या एका लॉ कॉलेजात इंटरनेट आणि समाज शिकवते. मोठमोठ्या सभांत बोलायला बोलावतात. आई कारखाना सोडून माझ्याकडं राहते.

माझा अभ्यास विसरलं जाण्याच्या हक्कावर. साधी गोष्ट आहे. इंटरनेट काही विसरत नाही. एखाद्या पोरीचा फोटो कुणी हरामखोरानं टाकला, तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. एखादा माणूस खटल्यातून निर्दोष सुटतो, तरी त्याचं नाव शोधलं की आधी आरोपच वर येतो. अशा माणसाला म्हणता आलं पाहिजे की हे पुसा, मला जगू द्या. त्यासाठी मी लिहिलं, भांडले, कोर्टात गेलेल्या पोरींच्या मागं उभी राहिले.

गेल्या खंडेनवमीला कॉलेजचा शिपाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन माझ्या टेबलापाशी आला. "मॅडम, लॅपटॉप द्या की पूजेला." त्याचा काय दोष? मी नको म्हणाले. पण हाताला पुन्हा तो ओलावा जाणवला. मी तिथंच बसून फेसबुकवर सगळं लिहिलं. बाटली, पळी, आंब्याचं पान, दारात आई. शाळेचं नाव घातलं नाही, सरांचं नाही, सालसुद्धा नाही. ते इतकं पसरलं की मीच चकित झाले. खाली माझ्या बाकावरच्या त्या पोरीनं लिहिलं, "मी तिथं होते. मी हसले होते."

मग एका रविवारी सर आमच्या घरी आले.

सत्तरी ओलांडलेले, काठी हातात. सोबत वकील पुतण्या. त्यांना जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला होता, गोरगरिबांच्या मुलांपर्यंत कॉम्प्युटर नेणारे शिक्षक म्हणून. हो, हेच शब्द. निवड समितीतल्या कुणीतरी माझं लिहिलेलं वाचलं आणि सोलापूरच्या सगळ्याच मानकऱ्यांना विचारणा झाली, ही शाळा कुणाची म्हणून.

दार आईनं उघडलं. बघताक्षणी ओळखलं तिनं. "या, सर," म्हणाली. चहा टाकला. सरांनी कप उचलून ओठाजवळ नेला आणि तसाच धरला. पुतण्यानं मोबाइल काढून फोटो घेतला. फोटो झाल्यावर कप खाली ठेवला. चहा काठोकाठ तसाच. वा रे वा! बौद्धाच्या घरचा चहा, फोटोपुरता.

"फार मोठी झालीस, बाळ," सर म्हणाले. "अभिमान वाटतो. कॉम्प्युटर तू पहिल्यांदा आमच्याच शाळेत पाहिलास."

"पाहिला, सर. चपलांपाशी बसून."

ते हसले, म्हातारपणी हसतात तसं, ऐकू न आल्यासारखं. पुतण्यानं बॅगेतून माझाच एक लेख काढला, ओळींवर पिवळी खूण केलेला. वाचून दाखवला. "कुणालाही त्याच्या भूतकाळाला आयुष्यभर बांधून ठेवू नये. मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय. काकांना हा हक्क नाही का? या वयात? तुमच्याच तत्त्वाप्रमाणं ती पोस्ट काढून टाका."

खरं सांगते, त्यानं मला बरोबर पकडलं. वाक्य माझंच होतं. गावोगाव मी तेच सांगत फिरले होते. आणि समोर एक थकलेला म्हातारा बसला होता. माझ्या मनात आलं, काढून टाकावं का? मग माझं लक्ष त्या चहाच्या कपाकडं गेलं. साय धरली होती वर.

"सर, मी लिहिलेल्यात नाव कुणाचं आहे?"

"नाव नाही, पण..."

"शाळेचं आहे?"

"नाही."

"मग तुम्ही स्वतःला कसं ओळखलंत?"

पुतण्या सरांकडं बघायला लागला. सर काठीची मूठ चोळायला लागले.

मी म्हणाले, "काढते. आत्ता, तुमच्यासमोर काढते. एकच करा. त्याच लॅबच्या दारात उभे राहा, हात जोडा आणि माझ्या आईसमोर म्हणा, कॉम्प्युटर मी बिघडवला."

आता सरांना नीट ऐकू आलं. "एवढ्याशा गोष्टीसाठी? काळ तसा होता, बाळ. चार थेंब शिंपडले असतील मी. गोमूत्र पवित्र असतं, त्यानं काही बिघडत नाही."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला वाटलं होतं, ती गप्प बसेल. ती म्हणाली, "मग माज्या पोरीच्या बोटानं बिगडला व्हय, सर?"

सरांनी काठी टेकली. सर उठले. जाता जाता पुतण्या म्हणाला, "अब्रुनुकसानीची केस टाकू, मॅडम. नोकरीचाही विचार करा."

त्याचा विचार त्यांनी आधीच केलेला होता. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "मिटवून टाका ना. संस्थेत त्यांच्या ओळखी आहेत. तुमच्या विभागप्रमुखपदाचा ठराव अजून व्हायचाय." पुन्हा तेच. तेव्हा दाखला, आता ठराव. तेव्हा आईनं हात जोडायचे, आता मी. फरक एवढाच की आता दारात थांबवत नाहीत, खुर्ची देतात.

मी म्हणाले, "ठराव नका करू." आणि वर्गावर गेले. त्या दिवशी विसरलं जाण्याचा हक्कच शिकवायचा होता. मी पोरांना विचारलं, ज्यानं केलं त्यालाही हा हक्क का? ज्याला त्याच भूतकाळासाठी शाल-श्रीफळ मिळणार आहे, त्याला? सत्कारापुरता भूतकाळ हवा आणि उरलेला पुसायचा, असं चालेल? मागच्या बाकावरनं एक पोरगी म्हणाली, "असं कसं चालंल, मॅडम? घ्यायचा तर सगळा घ्या की." माझं उत्तर मला तिच्या तोंडून मिळालं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "केस टाकली तर कोर्टात काय हुतं गं?"

मी सांगितलं. तक्रार त्यांची, म्हणजे त्यांना पिंजऱ्यात उभं राहून शपथ घ्यावी लागेल. मी आरोपी, पण मला त्यांना प्रश्न विचारता येतील. मी लिहिलं ते खरं आहे आणि लोकांच्या भल्यासाठी लिहिलं, हे मला सिद्ध करावं लागेल. साक्षीदार लागतील.

"मी हाय की."

"आई, तुला विचारतील. म्हणतील, 'बाई, तेव्हा तर तुम्हीच म्हणालात, मुलीनं बिघडवला.'"

"व्हय, म्हनले. सांगीन, खोटं बोलले. ह्यानंच बोलायला लावलं, त्याच्या तोंडावर सांगीन." तिचे डोळे कोरडे होते. "लई वर्सं झाली, ते वाक्य माज्या नरड्यात आडकलंय. मला ते काढायचंय."

मी लॅपटॉप उघडला. त्याच पोस्टवर, सगळ्यात वर, सरांचं पूर्ण नाव घातलं. शाळेचं घातलं. खाली लिहिलं की ते माझ्या घरी आले होते आणि शिंपडल्याचं कबूल करून गेले. मग त्याची लिंक पुतण्याला मीच पाठवली. ज्याला नाव हवं त्यानं तिथं जाऊन वाचावं. ते पुसलं जाणार नाही, त्याची तजवीज कशी करायची हे मला चांगलं येतं.

केस अजून झालेली नाही. पुरस्कार पुढं ढकलला म्हणे. तेवढ्यानं माझं पोट भरत नाही. सूड म्हणा याला, खुशाल म्हणा. मला न्याय हवा आहे असं गोड शब्दांत मी सांगणार नाही. मला ते पिंजऱ्यात हवे आहेत, शपथेवर, सगळ्यांसमोर. वकील लावणार नाही, मी स्वतः उभी राहणार. पहिला प्रश्न तयार आहे. बाटलीत काय होतं, सर?

तेव्हा टाका केस, सर. आई रोज विचारते, नोटीस आली का म्हणून. कोर्टात नेसायची साडी तिनं काढून ठेवलीय. आणि तुमची हिंमत झाली नाही, तर येत्या खंडेनवमीला मी तिला घेऊन त्या लॅबमध्ये येते. निवृत्तीनंतरही त्या पूजेला तुम्हालाच मानानं बोलावतात, ती चालू असतानाच येते. 'कॉम्प्युटर मी बिघडवला', हे वाक्य तुमच्याकडून वदवून घेतल्याशिवाय आम्ही तिथून हलणार नाही, आणि दारात चपला काढणार नाही.