स्प्रिंगची पिन कोणी काढली?

आधीच सांगतो... भूत-बित मी मानत नाही. आजोबांनी दीक्षा घेतली आणि घरातले देव नदीत सोडले, तेव्हापासून आमच्याकडे अंगात यायची सोयच उरली नाही. मी डाळजचा, घराण्यातला पहिला इंजिनिअर. हसायचं तर खुशाल हसा, पण झालं तेच लिहितोय.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा सुमार. इंदापूर तालुक्यातला एक साखर कारखाना. बॉयलरला गरम पाणी पुरवणारा पंप दर हंगामात पहिल्याच आठवड्यात मोडायचा. आमच्या फिटर तात्यांचं उत्तर ठरलेलं — अण्णा. हे अण्णा म्हणजे जुने फिटर, त्याच पंपाशेजारी छातीत कळ येऊन गेलेले. म्हणून हंगामाआधी पंपापुढे नारळ फुटायचा.

मी म्हणालो, "तात्या, पाइप थंड असताना तुम्ही चेनब्लॉकनं ओढून पंपाला बोल्ट करता. तापला की तो वाढतो. जागा नसली की पंपालाच ढकलतो. मोडणार नाही तर काय!"

"पुस्तकातला पाइप वाढत आसंल, सायेब. हितं आण्णाच हाय."

इरेला पेटलो. चीफ इंजिनिअरसाहेबांसमोर बोलून बसलो — यंदा पंप मोडला तर राजीनामा! पाइपला वळण घालून वाढायला जागा केली. वरून तो स्प्रिंगवर टांगला. नारळ बंद.

चाचणी भर दुपारी. पंप किती सरकतो ते दाखवणारं डायल गेज लावलं. गरम पाणी सोडलं... आणि काटा हलला. हलतच राहिला. पंप ढकलला जात होता!

तात्या शेजारी येऊन म्हणाले, "आजून येळ हाय. आण्णाची माफी मागा."

"नाही मागणार!" मी ओरडलोच.

तेवढ्यात वरून हातोडीचे तीन ठोके. काटा थांबला, मागं फिरला — आणि शून्यावर येऊन बसला.

शिडीवरून धावत वर गेलो. कोणी नाही. नवी स्प्रिंग येते तेव्हा ती हलू नये म्हणून तिला पिन अडकवलेली असते. बसवून झाल्यावर ती काढायची. मी विसरलो होतो! स्प्रिंग जखडलेली, म्हणून पाइप पंपाला ढकलत होता. ती पिन आता वर उभं राहायला टाकलेल्या फळीवर पडली होती, टोकावर हातोडीचे ताजे घाव. भार आलेली पिन ठोकल्याशिवाय सुटत नाही. वर जायची शिडी एकच, आणि तिच्या पायथ्याशी मीच उभा होतो.

लॉगबुकात लिहिलं — पिन काढायची राहिली, चूक माझी. पुढचा रकाना, 'काम कोणी केले'.

"लिवा की आण्णाचं नाव," तात्या म्हणाले.

"तुम्ही पाहिलंत त्यांना?"

"न्हाय."

"मग मीही नाही पाहिलं."

"तर तुमचं लिवा. कोण इचारतंय?"

"जे केलं नाही, ते माझ्या नावावर चढवणार नाही."

रकाना कोरा ठेवून सही केली. तो हंगाम पंप एकदाही मोडला नाही. पिन कोणी काढली, मला आजही माहीत नाही. पण 'माहीत नाही' म्हणजे 'भूत' — हे मला कोणी शिकवलं नाही, आणि या वयात मी शिकणारही नाही.