खोडलेली कमान

लालबागला आमच्या गावकरी मंडळाच्या खोलीत दर रविवारी एक निवृत्त सरकारी कारकून येतात. आमच्या गावचे नाहीत, तरी आमचे अर्ज तपासून देतात. ओळीखाली पेन्सिल सरकवत वाचतात आणि कोणी चिडलं की पेला पुढे करतात, "आधी पाणी घ्या."

माझ्या वाट्याला ते पाणी फार आलं. गावच्या क्रीडांगणाचा प्रस्ताव सरकारकडून दोनदा परत आला होता. त्यातली माझ्या वडिलांच्या नावाची कमान त्यांनी सरळ खोडली.

"कमानीला निधी मिळत नाही. तुमची पुतणी कबड्डी खेळते ना? कपडे कुठे बदलते?"

"दोघी जणी साडी आडवी धरतात."

"तुमच्याच दुकानातली का हो?"

मी टेबलावर हात आपटला. हिंदमाताला साड्या विकून वर आलेला माणूस मी. घासाघीस करत निम्म्या कमानीपर्यंत उतरलो. ते हलले नाहीत. कमानीच्या जागी त्यांनी मुलींसाठी खोली लिहिली आणि पुढे लिहिलं, 'दाराला आतून कडी.'

प्रस्ताव मंजूर झाला. कमानीचा राग अजून आहे. पण परवा गावी पुतणी त्या खोलीत गेली आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

रविवारी त्यांनी मला बघताच सवयीने पेला पुढे केला. चिडलो नव्हतो, तरी सगळं पाणी प्यायलो.