मावशीपर्यंत न पोचलेला प्रश्न

आधी माफी मागतो. मी काही लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला, एवढंच. पण ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही — आईलासुद्धा नाही.

बंगळुरात शिकायला आलो तो सुमनमावशीच्या भरवशावर. ती बंगळुराजवळच आनेकलला राहते, काका तिथेच कारखान्यात आहेत. मावशीचं कन्नड भाजी घेण्यापुरतं — ‘स्वल्प कमी करा अण्णा’ इतपत, तेही अर्धं मराठीच. म्हणून तिच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंचं इंग्रजी तिला मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. काकांना सुट्टी मिळाली नव्हती. आपल्याशिवाय यांचं अडतंय, याचा मला — खोटं कशाला बोलू? — अभिमानच वाटला होता.

बाईंनी अजिबात घाई केली नाही. खुर्ची मावशीजवळ ओढून घेतली. मला म्हणाल्या, यांना विचार, आजाराबद्दल सगळं ऐकायला आवडेल, की थोडं थोडं? आणि भीती कशाची वाटते?

किती साधा प्रश्न! मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी काय विचारलं?

“डॉक्टर म्हणतायत, झोप लागते का नीट?”

“लागते की. तुझे काका घोरले नाहीत तर!”

ती हसली. बाईही हसल्या. मग मी त्यांना इंग्रजीत सांगितलं — तिला काहीच ऐकायचं नाही, जे असेल ते आम्हाला सांगा.

बाहेर आल्यावर मावशीला म्हणालो, गाठ साधी आहे, थोडी सलाइनं लागतील. काकांना मात्र खरं सांगितलं. तेही म्हणाले, तिला नको कळायला. आपल्याकडे असंच करतात, नाही का? पण मी तिला जपत नव्हतो. ती रडली असती तर काय बोलायचं, ते मला ठाऊक नव्हतं. मी जपलं ते स्वतःलाच.

पहिल्या सलाइननंतर तिचे केस गळायला लागले. साध्या गाठीला एवढे हाल कशाला, म्हणत तिने दुसरं चुकवलं. तेव्हा काकांनी रडत रडत कॅन्सरचं सांगून टाकलं. मावशी ओरडली नाही. भांडी घासता घासता थांबली.

“मला कळायला हवंय की नको, हे मला विचारावंसं कुणालाच वाटलं नाही?”

विचारलं होतं, मावशी. बाईंनी तुलाच विचारलं होतं — हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले. काकांनी मान खाली घातली. मी त्यांना घालू दिली.

दुसऱ्या दिवसापासून तिने उपचार नेटाने सुरू केले. डॉक्टरांचं बोलणं समजवायला शेजारच्या, मराठी कळणाऱ्या लक्ष्मीअक्काला नेऊ लागली. मला कधी बोलावलं नाही, पण डबा मात्र पाठवत राहिली.

काल तिचा फोन आला. आवाज खणखणीत होता.

“गाठ आता दिसत नाही म्हणाल्या. तपासणीला मात्र येत राहायचं. आणि ऐक, अक्काला मी बाहेर बसवलं होतं. मोडक्यातोडक्या कन्नडात का होईना — सगळं मीच विचारलं.”